सिडकोची वसाहत की म्हाडाचा वीस टक्के वाटा?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना नाशिकमध्ये स्वतःचं घर मिळालं ते मुख्यतः सिडकोमुळे. सरकारी महामंडळानं जमीन घेतली, रस्ते आखले, सहा योजनांत लहान लहान घरं बांधून विकली. पवननगर, उत्तमनगरच्या गल्ल्यांत आज फिरा: एका खोलीच्या घरावर दोन मजले चढलेत, समोरासमोरच्या गॅलऱ्या हात लावता येईल इतक्या जवळ आल्यात. दाटी झाली, उजेड कमी झाला, हे खरंच. पण मुलाचं लग्न झालं की वर खोली काढता आली, ही सोय फ्लॅटमध्ये कुठून येणार?

म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, वाट वेगळी. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात बिल्डरनं २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, म्हाडानं ती सोडतीनं द्यायची. यात गरिबाचं घर गावाबाहेर फेकलं जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र घरं किती, हे बिल्डरच्या बांधकामावर ठरतं, आणि नाव लागेपर्यंत भाडं भरणं सुटत नाही.

माझं मत सिडकोच्या बाजूनं आहे. नाशिकला पुन्हा सरकारनं स्वतः बांधलेली घरं हवीत.