तरंग संचारवरून टॉवरचं रेडिएशन मोजून घेतलं, आमच्या सोसायटीचा अनुभव

आमच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आहे आणि दोन वर्षं त्यावरून एवढी भांडणं झालीत की यंदा गणपतीची वर्गणीसुद्धा दोन गटांत गोळा झाली. एक गट म्हणतो टॉवर काढा, कॅन्सर होतो, घरात लहान मुलं आहेत, तर दुसरा म्हणतो टॉवरच्या भाड्यातून लिफ्टचा खर्च निघतो आणि टॉवर गेला की फोन लागणार नाही. मी सेक्रेटरी, त्यामुळे दोन्हीकडचे फॉरवर्ड माझ्याकडेच येतात. शेवटी आम्ही केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवरून मोजणी मागवली. ही सोय 2017 पासून आहे आणि आमच्या अख्ख्या सोसायटीत एकालाही माहीत नव्हती, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय.

पोर्टलवर आपल्या घराच्या आसपासचे टॉवर नकाशावर दिसतात, कुठला टॉवर नियमात बसतो ती माहिती मागवता येते, आणि हे सगळं फुकट आहे. पण प्रत्यक्ष घरात येऊन मोजून हवं असेल तर 4000 रुपये फी ऑनलाइन भरावी लागते. मीटिंगमध्ये यावर अर्धा तास वाद झाला, सरकारने फुकट मोजायला हवं वगैरे. मी म्हटलं गेल्या वर्षी वकिलाच्या नोटिशीवर याच्या तिप्पट घालवले आणि हातात काही आलं नाही, तेव्हा सगळे गप्प झाले.

मोजणीच्या दिवशी मी सगळ्यात आधी टीमला चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे नेलं, कारण टॉवर बरोबर त्यांच्या डोक्यावर आहे आणि त्या दोन वर्षं नीट झोपलेल्या नाहीत. हातात धरायचा मीटर, त्याला दांडी आणि दांडीच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा गोळा. इंजिनियरने तो देवघरासमोर धरला, मग बेडरूममध्ये, मग गॅलरीत तुळशीपाशी, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं न हलता उभा. आजी पदराने हात पुसत मागे मागे फिरत होत्या, आकडा आला की "किती आला रे बाळा" विचारायच्या आणि तोही न कंटाळता स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवायचा. मला हे फार आवडलं, कारण दोन वर्षांत त्यांना कोणी काही दाखवलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

आकडे सगळीकडे मर्यादेच्या खूप खाली आले, आणि आजींच्या घरात तर समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यापेक्षाही कमी! इंजिनियर म्हणाला अँटेनाचा झोत समोर आडवा जातो, सरळ खाली फार कमी येतो, म्हणजे अक्षरशः दिव्याखाली अंधार. आणखी एक गोष्ट कळली जी आम्हाला कोणालाच माहीत नव्हती, रेंज कमी असली की फोन स्वतःची ताकद वाढवतो, म्हणजे टॉवर लांब गेला तर कानाला लावलेला फोन जास्त जोर लावणार. हे ऐकून टॉवर काढा म्हणणारे काका बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मर्यादेचं म्हणाल तर भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, 900 मेगाहर्ट्झच्या बँडला (मोबाईल लहरींच्या एका पट्ट्याला) दर चौरस मीटरला 0.45 वॅट. आता कोणी म्हणेल जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅन्सरचं सांगितलंय ना. तर त्यांच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2011 मध्ये मोबाईल-टॉवरच्या या रेडिओ लहरी 2बी गटात टाकल्या, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, सिद्ध झालंय असं नाही. म्हणून काळजी करणाऱ्याला वेडं ठरवू नका, त्याला मोजून दाखवा.

पण ही मोजणी फक्त रेडिएशनचं सांगते. आमच्या गच्चीवरच्या जनरेटरचा रात्रीचा आवाज, स्लॅबला गेलेली चीर, टॉवर बसवताना स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला घेतला होता का, याचं उत्तर त्यात नाही. खरं सांगायचं तर मला आता रेडिएशनपेक्षा त्या चिरेची जास्त धास्ती आहे आणि आम्ही दोन वर्षं नको त्या गोष्टीवर भांडत होतो. टॉवर कंपनीला तीन पत्रं दिली, उत्तर नाही. शिवाय महापालिकेचा कर, टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2016 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या केसमध्ये मान्य केलं होतं, 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर नियम बदललेत, त्यामुळे कर आलाच तर तो कोण भरणार हे करारात स्पष्ट लिहून घ्या. आमच्या जुन्या कमिटीने नाही घेतलं आणि तो घोळ मी अजून निस्तरतेय.

माझ्याकडून पाच पैकी चार स्टार. एक कापला तो फीसाठी, सोसायटीला 4000 चालतात पण चाळीत किंवा वाडीत राहणाऱ्या एकट्या माणसाने कुठून आणायचे, ग्रामपंचायतीने किंवा नगरसेवकाने एखादी मोजणी सगळ्यांसाठी मागवली तर किती बरं होईल.

तुम्ही मागवणार असाल तर टीम येईल त्या दिवशी दोन्ही गटांची माणसं हजर ठेवा आणि कुठे कुठे मोजायचं ते विरोध करणाऱ्यांनाच ठरवू द्या, आम्ही तेच केलं म्हणून रिपोर्टवर नंतर कोणी शंका घेतली नाही. आजींनी त्याच्या दोन झेरॉक्स मागून घेतल्या, एक त्यांच्या लेकीला पाठवायची आहे, तिच्या बिल्डिंगवर पण टॉवर येतोय.