धम्म विपुल, बेलापूर (नवी मुंबई) : दहा दिवसांचं विपश्यना शिबिर

पारसिक हिलवरच्या या केंद्रात फी नाही. दान द्यायचं ते शिबिर पूर्ण केल्यावर, तेही मर्जीने. मोबाईल, पुस्तकं, वही-पेन सुरुवातीलाच जमा. पहाटे ४ ला घंटा. पंचशील (हिंसा, चोरी, लैंगिक गैरवर्तन, खोटं, नशा टाळण्याचे पाच नियम) पाळायचं, म्हणजे हातावर बसलेला डासही मारायचा नाही. तत्त्वं किती मुरली आहेत ते इथेच कळतं.

पहिले ३ दिवस नुसतं आनापान : नाकपुड्या आणि वरचा ओठ एवढ्याच जागेवर येता-जाता श्वास न्याहाळायचा. तो मुद्दाम जोरात घेत राहिलात तर प्राणायाम होईल. श्वास जाणवेनासा झाला तरच क्षणभर थोडा जोर द्यावा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना तटस्थपणे न्याहाळणं, पुढे रोज तीनदा तासभर अधिष्ठान, म्हणजे हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसणं. गुडघ्यांखाली उशा आधीच लावून घ्या, दुखणं असेल तर खुर्ची मागायला लाजू नका. नव्यांना संध्याकाळी ५ ला चहा-फळं, नंतर थेट सकाळचा नाश्ता. तरी ११ चं जेवण ठासून जेवू नये, १ ला झोप आवरत नाही.

निवांत आराम हवा असेल तर लोणावळा बरा. शिबिर ११व्या दिवशी सकाळी सुटतं, त्या दिवशी ऑफिस ठेवू नका.