स्टॅटिन आणि विसराळूपणा: गोळी चालू ठेवायची, वाढवायची की बंद करायची?

रात्रीचं जेवण झालं की काका पाकिटातून गोळी काढतात, हातात धरतात आणि विचारतात, "ही मघाशी घेतली का गं मी?" वय 74. सहा वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला, तेव्हापासून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन चालू. वर्षभरापासून विसरायला लागलेत, आणि घरात दोन तट पडलेत. चुलतभावाच्या मते हा सगळा गोळीचाच प्रताप, बंद करा. काकू म्हणते, उलट ही गोळी अल्झायमर टाळते, डोस वाढवून घ्या. पंचाईत अशी की थोडा थोडा आधार दोघांकडेही आहे.

काकूचा आधार 2000 सालचा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदी चाळून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला: स्टॅटिन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका तब्बल 70 टक्के कमी. आकडा डोळे दिपवणारा. पण ज्याची स्मृती ढासळू लागली आहे त्याला डॉक्टर नवीन प्रतिबंधक गोळी मुळात कमीच लिहून देतात, त्यामुळे तुलनाच एकीकडे झुकलेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, एकालाच स्टॅटिन देऊन तपासल्यावर ही जादू उरली नाही. प्रॉस्पर चाचणीत 70 ते 82 वयाचे 5,804 जण होते. तीनेक वर्षं प्राव्हास्टॅटिन घेऊनही स्मृतीत फरक नाही. अल्झायमर आधीच झालेल्यांचं काय? लीड चाचणीत सुमारे 640 रुग्णांसाठी 72 आठवडे अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनचा 80 मिलिग्रॅमचा दणदणीत डोस वापरून पाहिला. क्लास्पमध्ये 406 रुग्ण, सिम्व्हास्टॅटिन, दीड वर्ष. कोलेस्टेरॉल उतरलं, विसरण्याचा वेग होता तोच राहिला. तेव्हा स्मृतीसाठी डोस वाढवणं माझ्या मते बाद.

भावाचा आधार 2012 चा. अमेरिकेच्या औषध नियामकाने विसराळूपणा आणि गोंधळ यांचा उल्लेख स्टॅटिनच्या माहितीपत्रकात घालायला लावला. पण त्याच सूचनेत पुढे होतं की हे प्रकार सहसा गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर साधारण तीन आठवड्यांत ओसरतात. 'कोलेस्टेरॉल फार उतरलं तर मेंदू सुकतो' हीही एक भीती. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, रक्तातलं तिथे जवळजवळ पोचतच नाही. 2017 च्या एबिंगहाऊस अभ्यासात स्टॅटिनच्या जोडीला कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या इव्होलोक्युमॅबची इंजेक्शनं देऊन एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, 25 च्याही खाली गेलेले लोक होते. त्यांची स्मृती शाबूत होती.

मधला मार्ग म्हणजे गोळी बदलणं. अ‍ॅटॉर्व्हा आणि सिम्व्हा चरबीत विरघळतात, रोसुव्हा आणि प्राव्हा पाण्यात, म्हणून त्या मेंदूत कमी शिरतात. स्मृतीला त्याने फायदा होतोच असा भक्कम पुरावा नाही. तरी तक्रार गोळी सुरू झाल्यावर लगेच आली असेल, तर डॉक्टरांना हे जरूर विचारावं. काकांचं तसं नव्हतं. पाच वर्षं सगळं ठीक होतं.

आणि बंद करण्याची किंमत? स्टेंटवाल्या माणसाने परस्पर स्टॅटिन सोडलं तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि पक्षाघात स्मृतीवरच घाला घालतो. पंचेचाळिशीत एलडीएल वाढलेल्यांचं गणित थोडं निराळं: 2024 मध्ये लॅन्सेट आयोगाने मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं आहे.

काकांच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलं. बी-12 बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू आहेत, स्मृतीचं अजून कळायचंय. स्टॅटिन तेवढंच चालू आहे, फक्त आता सात खणांच्या डबीत. बुधवारचा खण रिकामा दिसला की काका विचारत नाहीत.