हात प्लास्टरमध्ये आहे तर कुस्ती बघायची, मनात खेळायची की तालमीत घुसायचं?

बेळगाव-खानापूरकडच्या पोराचा हात गळ्यात अडकला की पुढचं ठरलेलंच, दिवसभर मोबाईलवर आनंदवाडीच्या कुस्त्या बघत लोळायचं. बघणं वाया जात नाही, खरं माझं मत विचाराल तर डोळे मिटून मनात डाव मारणं त्याच्यापेक्षा कामाचं आहे.

कारण असं की, डाव खरंच मारताना मेंदूचे जे भाग हालचाल आखतात त्यातले बरेचसे मनात मारतानाही चालतात, अगदी लहान मेंदूपर्यंत. बघताना आखणीचे भाग जागे होतात आणि डोळ्यांचा भाग तर जोरात असतो, खरं खोलातले भाग तेवढी साथ देत नाहीत. 2018 मध्ये ह्या तिन्हींवरचे ढीगभर ब्रेन स्कॅन एकत्र मांडून बघितले त्यात हेच दिसलं. आणि 1992 चा करंगळीचा प्रयोग तर भारीच आहे बघा, चार आठवडे खरा व्यायाम केलेल्यांची ताकद 30 टक्के वाढली आणि बोट न हलवता नुसता मनात जोर लावलेल्यांची 22, काहीच न केलेल्यांची चारसुद्धा नाही. आता करंगळीवरनं मांडीचा हिशोब लावू नका, माणसं पण थोडीच होती.

मनातलं करायचं तर नीट करा. आपण लांबनं टीव्हीत दिसतोय असं नाही, आपल्याच डोळ्यांतनं समोरच्याची मान दिसली पाहिजे, हाताला पकड जाणवली पाहिजे आणि वेळ खऱ्या डावाएवढाच लागला पाहिजे. काही जणांना मनात चित्रच दिसत नाही, त्यांनी अंगाला काय जाणवतं तेवढंच धरावं.

बघायचं तर येतो तोच डाव बघा. लंडनमध्ये बॅले आणि कापोएरा (ब्राझीलचा लढाईसारखा नाच) नाचणाऱ्यांना दोन्ही नाच दाखवले तर ज्याला जो नाच येत होता तो बघताना त्याचा मेंदू जास्त पेटला. म्हणजे तुम्हाला घिस्सा येत असेल तर घिस्साच बघा, ऑलिम्पिकमधली उडी बघायची तर मजेला बघा की. एकदा बघून लगेच डोळे मिटून तोच मारायचा, ही जोडी मला सगळ्यात पटते.

तालीम मात्र डॉक्टर सोडेल तेव्हाच. तिची सर दोन्हीला नाही हेही खरं, मनातला गडी आपण म्हणू तिथं पडतो, मॅटवरचा वजन टाकतो, निसटतो, आणि त्याच्या त्या धक्क्यानंच मेंदू आपली चूक सुधारतो. तोवर नवीन डाव शिकायच्या भानगडीत पडू नका, वस्तादांनी घोटून घेतलेले दोन-तीनच धरा.