ह्मोंग अक्षराचा तक्ता आणि अंबाजोगाईतलं डीटीपीचं दुकान

शाळेतल्या लिपी प्रदर्शनासाठी मला दोन लिप्यांचा तक्ता हवा होता: आपली मोडी आणि व्हिएतनाम-लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग लोकांची पहाव ह्मोंग. दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकदमच आल्या, जून २०१४ ला. मोडीच्या 'अ'ला ११६०० हा क्रमांक मिळाला, ह्मोंगच्या 'केंग' या पहिल्या अक्षराला १६बी००.

आधी लातूरला एका दुकानात गेलो. ह्मोंगच्या जागी नुसते चौकोन उमटले. मग त्यांनी फोटो बघून अक्षर कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेखून दिलं. दिसायला हुबेहूब, पण ते चित्र झालं. शोधलं तर सापडत नाही, कॉपी करून कुणाला पाठवता येत नाही. ही लिपी १९५९ साली शाँग लू यांग या शेतकऱ्यानं घडवली, ज्याला आधी लिहिता-वाचता येत नव्हतं. १९७१ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे लोक त्यांना 'लिखाणाची आई' म्हणतात. त्यांच्या अक्षराचं चित्र करून भिंतीवर लावणं माझ्या मनाला पटेना.

अंबाजोगाईत मोंढ्याकडं जाताना हे छोटं दुकान लागतं. तिथल्या पोरानं आधी विचारलं, "गुरुजी, मजकूर युनिकोडात आहे ना?" तिथंच जीव भांड्यात पडला. जुन्या मराठी फॉन्टात आपलं अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फॉन्ट बदलला की 'क'चा 'डी' होतो. क्रमांक स्वतःचा असला की तसं होत नाही, फक्त ते अक्षर असलेला फॉन्ट लागतो. त्यानं दोन्ही लिप्यांचे नोटो फॉन्ट फुकटात उतरवून घेतले आणि पीडीएफमध्ये बसवून दिले.

एका जागी तो अडला. ह्मोंगमध्ये स्वर आधी लिहितात, व्यंजन नंतर. वाचताना मात्र उलट. त्याला वाटलं, माझ्याकडून अक्षरं मागं-पुढं झाली. पण स्वतःच्या मनानं बदल न करता त्यानं फोन केला. मी म्हटलं, "आपली पहिली वेलांटी बघ, 'कि'मध्ये आधी काढतो आणि नंतर म्हणतो." लगेच ध्यानात आलं त्याच्या.

पीडीएफमध्ये 'केंग' शोधून बघितलं, सापडलं.

तक्ता एक दिवस उशिरा मिळाला, लॅमिनेशनसह १८० रुपये. दुपारी लाईट जाते, तेव्हा सकाळीच जा आणि मजकूर पेन ड्राइव्हवर न्या.