साठीनंतर वजन उतरवताना: संक्रांत ते दिवाळी, काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं

आधी माझी माहिती देते, म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. वय ६२, बँकेतून निवृत्त, घर पुण्यात, सहकारनगरात. उंची पाच फूट एक इंच, संक्रांतीनंतर काट्यावर उभी राहिले तेव्हा वजन ७१ किलो. थायरॉइडची गोळी जुनीच, साखर काठावर (एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२), आणि उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरणारा. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. माझा साडेएकोणतीसला टेकला होता. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात, माझी ९६.

आता दिवाळीचा फराळ संपवून हे लिहितेय. वजन ६५ च्या आसपास, कंबर ८८, साखर ५.८. आमच्याच इमारतीत एकीने तीन महिन्यांत बारा किलो उतरवले, त्यामुळे माझे सहा किलो कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की या वयात भराभर उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि गेलेला स्नायू परत मिळवणं चरबी घालवण्यापेक्षा अवघड. तिशीनंतर दर दशकात स्नायू थोडे थोडे कमी होतातच, साठीनंतर तो वेग वाढतो. त्यात उपाशी राहून भर घालायची नाही, एवढं ठरवून सुरुवात केली.

पहिली खरेदी मुलाने ऑनलाइन केली: डिजिटल वजनकाटा, फोनला जोडायचा. वजनाशिवाय चरबी, स्नायू, पाणी, हाडं असं सगळं सांगतो. वर ‘शरीराचं वय’ही. माझं ६९ दाखवलं, तेव्हा आमच्या ह्यांना झालेला आनंद लपत नव्हता. हा काटा तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतो, तिला किती अडथळा होतो ते मोजतो आणि त्यावरून बाकीचं सगळं अंदाजाने काढतो. त्यामुळे पाणी कमी प्यायलं असेल, नुकतं चालून आलं असेल, की आकडा हलतो. सकाळी ३८ टक्के चरबी आणि संध्याकाळी ३६, मधल्या वेळात मी फक्त दोन तास झोपले होते. वजन मात्र बरोबर दाखवतो, तेवढ्यापुरता ठेवलाय. सोमवारी सकाळी चहाच्या आधी एकदा, बस. रोज बघायची सवय लागली की माणूस मिठाच्या आणि पाण्याच्या चढउतारावर खूश-नाखूश होत बसतं. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी असल्या काट्यावर उभंच राहू नये, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं; मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

पावलं मोजणाऱ्या घड्याळाचंही तेच. रोज दहा हजार पावलं हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून जगभर पसरला, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नव्हे. नंतर झालेल्या अभ्यासांत साठीपुढच्या लोकांना सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा वाढत नाही. मी सात हजार लावून ठेवले. तरी हे घड्याळ पोळ्या लाटताना पावलं मोजतं, आणि मंडईत दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फिरले तर अर्धीच मोजतं. पाहुणे असतील त्या दिवशी माझा स्वयंपाकघरातच पर्वतीचा फेरा होतो. गणपतीपासून ते टेबलाच्या खणात आहे.

खरा उपयोग झाला तो सगळ्यात स्वस्त वस्तूचा. रबरी पट्टे, रेझिस्टन्स बँड म्हणतात ते. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले होते, तिने पिवळा दिला. तिच्याकडच्या पट्ट्यांत पिवळा सगळ्यात मऊ, मग लाल, हिरवा, निळा असे कडक होत जातात. रंगांचा हा क्रम बऱ्याच कंपन्या पाळतात, पण सगळ्या नाही, म्हणून घेताना ताणून बघा. तिने आधी एक परीक्षा घेतली: हात छातीवर घडी घालून, साध्या खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. माझ्या वयाच्या बाईला बारापेक्षा कमी आले तर ते सरासरीखाली धरतात. मला आठ आले, आणि शेवटचं एक तिने मन मोठं करून धरलं असावं. वजन ७१ असल्यापेक्षा याने मी जास्त हादरले. कारण वजनाचं काय, साडी नीट नेसली की झाकतं. खुर्चीतून उठता येईना तर उद्या पाटावरून, रिक्षातून, संडासातून कशी उठणार?

व्यायाम अगदीच साधे. खुर्चीतून उठणं-बसणं, बसताना धपकन न बसता सावकाश. बँड दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणं. पायाला गुंडाळून कडेला पाऊल टाकणं. ओट्याला धरून टाचा वर करणं. आठवड्यातून तीनदा, पंचवीसेक मिनिटं. कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळात टाचा आणि खुर्ची उरकते, म्हणून हे टिकलं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा पासष्टीपुढच्यांना नुसतं चालायला सांगत नाही, आठवड्यातून किमान तीन दिवस ताकदीचे आणि तोलाचे व्यायामही सांगते. सारसबागेच्या भोवती वर्षानुवर्षं फेऱ्या मारणाऱ्या आमच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही. आम्हाला फक्त ‘चाला’ म्हणून सांगितलं.

बँडबद्दल एक तक्रार. मी पहिला ऑनलाइन मागवलेला लाल पट्टा दोन महिन्यांत काठाला चिरला आणि एकदा सटकन तुटून मनगटावर बसला. कंपनीचं नाव घेत नाही, सगळीकडे मिळतो तोच. वापरण्याआधी उजेडात धरून बारीक चिरा बघायच्या, उन्हात वाळत टाकायचा नाही. आता शस्त्रक्रियेचं सामान मिळतं तिथून मीटरवर कापून घेते.

आता स्वयंपाकघर. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण आहाराचे सगळे सल्ले ज्याला ताट वाढून मिळतं त्याच्यासाठी असतात असं माझं मत झालंय.

आमच्या ह्यांनी दोनदाच जेवायची पद्धत धरली. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलेली: भूक लागेल तेव्हा दोन जेवणं, प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. ह्यांना मधुमेहाची गोळी होती, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी डोस कमी केला. हे विसरू नका, ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. ह्यांना पद्धत मानवली, चार किलो कमी झाले, रात्रीचा चिवडा सुटला. मलाही तीच करून बघायची होती. पण मी सकाळी आमटीची चव बघते, अकराला भाजीचं मीठ बघते, चारला नातवाच्या डब्यातलं उरलेलं बोटाने संपवते. पंचावन्न मिनिटांचं घड्याळ कुठून लावायचं? शिवाय मला लागणारी प्रथिनं दोन जेवणांत बसेनात.

प्रथिनांचा हिशेब मी बँकेतल्यासारखा वहीत मांडला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, वयस्करांना एक ते सव्वाच्या आसपास हवीत असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे मला पासष्ट-सत्तर ग्रॅम. मिळत होती जेमतेम चाळीस. पोह्यांच्या बशीत चार-पाच, वाटीभर वरणात सहा-सात, आणि दुपारच्या चहाबरोबरच्या खारीत नावालाच. म्हणून नाश्ता बदलला. मुगाची डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी वाटून धिरडी. पन्नास ग्रॅम डाळीत बारा ग्रॅम येतात. बरोबर वाटीभर घरचं दही. कधी मटकीची उसळ, कधी पनीर. आणि हो, अंडं. आमच्याकडे ते सूनबाईच्या वेगळ्या तव्यावर व्हायचं. आता दोन दिवसांआड त्यातलं एक माझं असतं, सहा ग्रॅम. सासूबाई असत्या तर तवा जिन्यात गेला असता. नाश्ता असा झाल्यावर चारची खारी मी सोडली नाही, ती आपोआप गेली, भूकच लागेना. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

तेलाचं सोपं केलं. महिन्याचा डबा किती दिवसांत संपतो ते बघायचं. एका चहाच्या चमच्यात सुमारे चाळीस कॅलरी. फोडणीला डब्यातून थेट ओतायचं बंद करून चमचा ठेवला. घरात कुणालाच कळलं नाही. साखर कमी केली ती मात्र सगळ्यांना कळली, आठवडाभर चहावर चर्चा झाली.

उपवास हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा खड्डा. एकादशी, दुप्पट खाशी, हे आषाढीला अक्षरशः खरं असतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचा कूट, बटाटा, तूप. श्रावणी सोमवारी मी खिचडी अर्धी वाटी आणि राजगिऱ्याची भाकरी, दही, भोपळ्याची भाजी असं केलं. खिचडी पूर्ण बंद करा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांनी एकदा आमच्या नणंदबाईंसमोर ते म्हणून दाखवावं.

चालणं आहेच, पण गुडघ्याला धरून. वजन एक किलो कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला साधारण चार किलोंनी घटतो, असं एका अभ्यासात मोजलंय. मे महिन्यापर्यंत जिना उतरतानाची कुरकुर कमी झाली तेव्हा पटलं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी पहिले चार महिने चढले नाही. चढणं नव्हे, उतरणं गुडघ्याला छळतं. तळजईवरचा सपाट रस्ता बरा. आणि रात्री जेवण साडेसातला आणून नंतर शतपावली, ती दहा-पंधरा मिनिटं झाली तरी चालते. जेवणानंतर चालल्याने साखर कमी चढते, हे आपल्या आजीचं म्हणणं आता प्रयोगांतही दिसलंय. वजन उतरवण्यासाठी योगवर्गही केला. अय्यंगार पद्धतीचा, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे घेऊन, जी पद्धत पुण्यातच वाढली. खांदे मोकळे झाले, झोप सुधारली. वजनावर म्हणाल तर काही नाही.

बागेतल्या बाकावर सध्या वजन उतरवायच्या इंजेक्शनांचीच चर्चा. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं तेव्हापासून प्रत्येकीला कुणीतरी घेणारं माहीत आहे. मी घेतलेलं नाही, म्हणून त्यावर मत देत नाही. फक्त घेणाऱ्यांनाही स्नायू सांभाळायला बँड आणि प्रथिनं लागतातच, असं डॉक्टर म्हणाले.

आंब्याच्या दिवसांत वजन दीड किलो चढलं, आमरस-पुरी मी वहीत लिहिलीच नाही. जुलैत उतरलं. गणपतीपासून मात्र काटा ६५ वरच अडून बसलाय. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, हिरव्यावरून निळ्यावर जा, खुर्चीचं आता चौदा येतंय ते पंधरा-सोळा करू, काट्याकडे नंतर बघू.

ह्यांनाही मी खुर्चीवर बसवून तीस सेकंद लावली. वय ६६, त्या गटातल्या पुरुषांना किमान बारा हवेत. नऊ आले. खुर्ची बुटकी आहे म्हणाले. जेवणाच्या टेबलाची उंच आणली. दहा. मग माझा जुना पिवळा बँड त्यांच्या हातात दिला, आणि त्याने त्यांनी महिन्याची रद्दी छान घट्ट बांधून ठेवली आहे.