मालधक्क्याच्या गोदामाचा एचओ किट: भिंती उत्तम, छप्पर बदला, हिरवी बाटली बाजूला ठेवा

मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापात, आपल्याकडच्या वळणाची रेल्वे इमारत मिळणं अजूनही अवघडच आहे. दुकानात दिसतात ते बहुतेक किट युरोप-अमेरिकेतल्या स्टेशनांचे. म्हणून विटांच्या भिंती, पन्हळी पत्र्याचं दुपाखी छप्पर, सरकते दरवाजे आणि पुढे लांबलचक धक्का असलेला हा लेझर-कट एमडीएफचा (लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळीचा) किट हातात घेतल्यावर बरं वाटतं. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, नंदुरबार, कुठल्याही जुन्या माल यार्डात शोभेल अशी ही बैठी इमारत आहे. किंमत १,८५० रुपये, कुरिअर वेगळं. नुसत्या भिंती आणि दरवाजे बघितले तरी पैसे वसूल आहेत. मात्र छप्पर बदलावंच लागतं, धक्क्याची उंची वाढवावी लागते, आणि सोबत दिलेले रंग वापरून सूचनापत्राप्रमाणे काम केलं तर गोदाम कोकणातलं दिसतं, खानदेशातलं नाही.

खोक्यात २ मिमी एमडीएफच्या तीन शीट, दरवाजे-खिडक्यांसाठी १ मिमी ग्रेबोर्डच्या (करड्या जाड पुठ्ठ्याच्या) दोन शीट, छपरासाठी पन्हळी कार्ड आणि रंगाच्या चार छोट्या बाटल्या येतात: काजळी, गंज, धूळ, शेवाळ. तयार इमारत २१० बाय ८० मिमी होते, म्हणजे प्रत्यक्षातली साधारण ६० फूट बाय २३ फूट. छोट्या स्टेशनाला हे माप बरोबर बसतं.

आधी मापं तपासली. जुनी नऊ इंची वीट तीन इंच जाड धरली आणि त्यात चुन्याचा सांधा मिळवला, तर १:८७ मध्ये विटेचा एक थर जवळपास १ मिमी येतो. भिंतीवर पट्टी लावा: १० मिमीत दहा थर मोजता आले पाहिजेत. इथे साडेनऊ आले, म्हणजे कोरीवकाम मनापासून केलेलं आहे. पुष्कळ स्वस्त किटमध्ये याच जागेत सहा थर असतात आणि इमारत खेळण्यातली वाटते.

धक्क्याची गोष्ट वेगळी. ब्रॉडगेजवर मालधक्क्याची उंची रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त १०६५ मिमी असते, म्हणजे स्केलमध्ये सव्वाबारा मिमी. किटमधला धक्का बरोबर १२ मिमीचा आहे, पण तो देखाव्याच्या पायाच्या बोर्डापासून. ५ मिमी कॉर्क आणि त्यावर स्लीपरसकट रूळ टाकला की रुळाचा माथाच बोर्डापासून नऊ-दहा मिमी वर जातो आणि धक्का वाघिणीच्या चाकांशी येऊन थांबतो. उपाय सोपा आहे. ५ मिमी सनबोर्डचे (हलक्या फोम शीटचे) दोन थर खाली घाला आणि दर्शनी बाजूला दगडी बांधकामाची पट्टी लावा. पण रुळाचा माथा आधी कॅलिपरने मोजा, कारण कोड १०० आणि कोड ८३ रुळांची उंचीच वेगळी असते (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात). धक्क्याची कड रुळाच्या मध्यापासून १९ मिमीच्या थोडी पुढे ठेवावी. प्रत्यक्षात हे अंतर १६७० ते १६८० मिमी असतं. चिकटवण्याआधी आपल्याकडची सगळ्यांत रुंद वाघीण एकदा ढकलून बघा. (१६.५ मिमीचा एचओ ट्रॅक ब्रॉडगेजपेक्षा अरुंदच दिसणार. खरं १६७६ मिमीचं माप सव्वाएकोणीस मिमीला येतं. पाचोरा-जामनेरच्या नॅरोगेजचा देखावा करायचा असेल तर मात्र ७६२ मिमीला एन या लहान स्केलचा ९ मिमी ट्रॅक अगदी चपखल बसतो.)

जोडणीत दोन ठिकाणी घोटाळा होतो. २ मिमी म्हणून येणारं एमडीएफ नेमकं २ मिमी क्वचितच असतं, त्यामुळे खुंट्या खाचेत घट्ट जातात. कानस खुंटीवर चालवा, खाचेवर नाही. खाच मोठी झाली की भिंत कायमची तिरकी राहते. दुसरी अडचण लेझरने जळलेल्या कडांची. ती तपकिरी काजळी पाण्याच्या रंगातून वर फुटते आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पिवळट डाग उमटतात. कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि सगळ्या भागांना दोन्ही बाजूंनी चपडा लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या. फर्निचरवाले वापरतात तेच स्पिरिटमधलं पॉलिश. त्याने डाग आत अडकतो आणि पाणी नसल्यामुळे एमडीएफ फुगत नाही. दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं. एकाच बाजूला रंग बसला की २१० मिमीची लांब भिंत धनुष्यासारखी वाकते. सूचनापत्रात याबद्दल एक ओळही नाही. कोपऱ्यातले दातेरी सांधे पुट्टीने भरून, सुकल्यावर कटरच्या टोकाने विटांच्या रेषा पुन्हा ओढाव्या लागतात. चार कोपऱ्यांना एक संध्याकाळ जाते, पण न केल्यास सगळ्यांत आधी नजर तिथेच जाते.

विटांसाठी सगळीकडे एकच लाल मारू नका. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि थोडा पांढरा हा पायाचा रंग, मग बारीक ब्रशने पाच-सहा विटांमागे एक वीट गडद, एक फिकट. त्यावर मॅट वार्निश आणि मगच सांधे. सांध्यासाठी भिंतीची पांढरी पुट्टी पाण्यात दह्याइतकी पातळ करून त्यात चिमूटभर रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) घालावा, नाहीतर सांधे चमकतात. भिंतीवर पसरून ओल्या फडक्याने तिरकं पुसा. आडवं पुसलं की सांध्यातली पुट्टी निघून येते. वार्निश न मारता पुट्टी लावली तर ती विटांच्या अंगात शिरते आणि सगळी भिंत पिठाळ दिसते.

आता छप्पर. किटमधल्या कार्डाच्या दोन पन्हळींतलं अंतर ३ मिमी आहे, म्हणजे प्रत्यक्षात २६ सेंटिमीटर. खऱ्या पत्र्यावर ते तीन इंच असतं, स्केलमध्ये ०.८७ मिमी. एवढ्या चांगल्या भिंतींवर असं कार्ड टाकणं म्हणजे सगळी मेहनत वाया. पर्याय कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: ५ मिमीचा आटेदार रॉड. त्याचे आटे ०.८ मिमीवर असतात. पार्सलच्या ॲल्युमिनियम डब्याचा सपाट तळ कापून घ्या, जुन्या माउसपॅडवर ठेवा आणि रॉड दाबून लाटा. स्वयंपाकघरातली फॉइल यासाठी फार पातळ पडते, फाटते. पन्हळी किंचित तिरप्या उतरतात, कारण आटे तिरपे असतात, म्हणून तुकडे कापताना डब्याच्या कडेला धरून नव्हे तर पन्हळीला धरून कापा. आठ फुटी पत्रा २८ मिमी लांब, सुमारे ९ मिमी रुंद. बाजूचा पत्रा एका पन्हळीवर चढवायचा, वरची रांग खालच्यावर दीड-दोन मिमी. दोन्ही पाख्यांना मिळून ११५ ते १२० तुकडे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण एखादा तुकडा अर्धा अंश तिरका बसला, एखाद्याचा कोपरा उचलला गेला, की छपराला जी जान येते ती एकसंध कार्डाला कधीच येत नाही.

ॲल्युमिनियमवर ॲक्रिलिक धरत नाही, नखाने निघतं. म्हणून आधी मेटल प्रायमरचा फवारा. मग गंजाचा तपकिरी थर, त्यावर मॅट वार्निश, मग साध्या हेअरस्प्रेचे दोन हात, दहा-पंधरा मिनिटांनी पत्र्याचा करडा रंग. रंग हाताला कोरडा लागला की लगेच ओल्या ताठ ब्रशने हलकं खरवडा. करड्याखालचा गंज उघडा पडतो. उन्हाळ्यात जळगावच्या हवेत ही संधी वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, त्यामुळे एका वेळी एकच पाखं घ्या. गंज कुठे काढायचा ते आधी ठरवा: खिळ्यांच्या रेषेत, पत्र्यावर पत्रा चढतो तिथे आणि खालच्या कापलेल्या कडेला. पत्र्याच्या मधोमध गंज काढला की ते रंगाचे ठिपके वाटतात.

सूचनापत्राशी खरा मतभेद आहे तो पुढच्या कामात. त्यात भिंतीच्या पायथ्याशी शेवाळ, छपराच्या उत्तरेकडे शेवाळ, पन्हळीतून खाली काळे ओघळ सांगितले आहेत. वर्षातून आठ महिने कोरडा असलेला, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारा भुसावळ-जळगावचा मुलूख असा भिजत नाही, तो विटतो. इथे इमारतीचं वय ऊन आणि धूळ दाखवतात. देखाव्यात दक्षिण दिशा आधी नक्की करा; दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती, दरवाजे आणि पाखं यांवर पांढुरक्या रंगाचा अगदी पाणीदार हात देऊन रंग उडवा, उत्तरेची बाजू मूळ रंगात राहू द्या. एका इमारतीच्या दोन बाजूंतला एवढा फरकच बघणाऱ्याला खानदेशातलं ऊन सांगून जातो. दरवाजांचा रंग वरच्या अर्ध्यात जास्त उडालेला, कड्याजवळ हात लागून काळा गुळगुळीत झालेला दाखवा.

धूळ काळी नसते हेही लक्षात ठेवावं. आपली काळी जमीन ओली असताना काळी. तिची उडालेली धूळ राखाडी-तपकिरी दिसते. किटमधली धुळीची बाटली पिवळट आहे, राजस्थानला चालेल. तिच्यात काजळीचे दोन-तीन थेंब घातले की रंग जमतो. धूळ खिडकीच्या उंबऱ्यावर, पत्र्याच्या पन्हळीत आणि दरवाजाच्या रुळात साठते, उभ्या भिंतीवर कमी. पावसाची खूण द्यायचीच असेल तर धक्क्याच्या उलट्या बाजूला भिंतीच्या तळाशी चार-पाच मिमी उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे द्या. जुना टूथब्रश, दाट काळपट रंग, अंगठ्याने झटका. धक्क्याकडच्या भिंतीला फरशी असल्यामुळे तिकडे शिंतोडे नकोत. शेवटची कोरडी पावडर वार्निशनंतरच लावा. वर वार्निश मारलं की निम्मी गायब होते.

जमिनीसाठी शेतातली काळी माती फुकट मिळते, पण तशीच वापरू नका. तव्यावर अर्धा तास भाजा, चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून गाळा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून दोन-तीनदा फिरवा. आपली माती आणि खडी बेसॉल्टची, त्यात लोहचुंबकी कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमध्ये खेचले गेले की मोटर गेली. ही माती सुकताना आकसते. थर १ मिमीच्या वर गेला तर भेगा पडून कडा उचलतात. रंगवलेल्या बोर्डावर फेविकॉलचा हात देऊन वरून कोरडी माती भुरभुरणं उत्तम. धक्क्यामागे उन्हाळ्यातलं भेगाळलेलं शेत हवं असेल, तर मुद्दाम ३ मिमीचा ओला थर द्या. भेगा ती स्वतःच पाडते.

खडीचंही तसंच. रेल्वेची खडी २० ते ६५ मिमीची असते, म्हणजे स्केलमध्ये पाव ते पाऊण मिमी. क्रशरवरची बारीक कच गाळून हे माप मिळतं. तिलाही चुंबक लावा. रवा रंगवून वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पावसाळ्यात त्यात टोके होतात. खडी कोरडी पसरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा (जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्तीच्या सामानात मिळतं), मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढऱ्या कडा सोडतात आणि त्या काही केल्या जात नाहीत.

कूलरबद्दल एक सूचना, कारण खानदेशातल्या प्रत्येक घरात उन्हाळ्यात तो चालू असतो. कूलरच्या दमट हवेत मॅट वार्निशचा डबा फवारला की पृष्ठभाग दुधाळ पांढरा होतो. कूलर बंद करून दुपारी फवारलं तर रंग हवेतच सुकून खरबरीत पडतो. एप्रिल-मेमध्ये फवाऱ्याचं काम सकाळी आठच्या आत उरका. एअरब्रशच्या टोकाशी रंग अडकू लागला तर कपात रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घाला, जास्त नको.

विक्रेत्याची सेवा चांगली आहे. ग्रेबोर्डच्या खिडक्यांचे गज अर्धा मिमीचे आहेत आणि शीटमधून काढताना हमखास तुटतात. ब्लेड नवीन हवं आणि मागून टेप लावून काढावं. तरी तुटले तर १२० रुपयांत ती एक शीट वेगळी मिळते. ऑर्डर देतानाच पन्हळी कार्ड आणि शेवाळाची बाटली नको असं कळवून त्याऐवजी ही शीट मागा. ते बदलून देतात.